दुधाचा नमुना

आमच्या जिल्ह्यात काही सापडणार नाही, म्हणूनच तो निवडला होता.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मी मुंबईतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत कामाला होते. तिथे अणुभट्टीच्या सांडपाण्याचे, तिच्या आसपासच्या मातीचे नमुने यायचे. त्यांत युरेनियमचा अंश किती, आणि तो जमिनीतला की भट्टीतला, हे शोधायचं आमचं काम. पण भट्टीजवळ अमुक इतकं सापडलं असं म्हणायचं, तर जिथे भट्टी नाही, खाण नाही, कारखाना नाही अशा ठिकाणी किती असतं तेही ठाऊक असावं लागतं. आमच्या साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला आणि मला विचारलं, "तुम्ही बुलढाण्याकडच्या ना? काय आहे तिकडे?"

"कापूस," मी म्हणाले. "ज्वारी."

"उत्तम. म्हणजे काही नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी पेन्सिलीने जिल्ह्याभोवती गोल काढला.

त्यात टोमणा नव्हता. साहेब टोमणे मारणारे नव्हते, किंबहुना ते कामाशिवाय फारसं बोलतच नसत. तरी मी तो गोल पुन्हा पाहिला. त्या गोलाच्या वरच्या कडेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, सोनाळा होतं. माझं गाव.

मग वर्षभर मी अधूनमधून तिकडे जात राहिले. रात्रीच्या गाडीने निघायचं, मलकापूरला उतरायचं, तिथून एस.टी. बरोबर एक लाकडी पेटी, तिच्यात प्लॅस्टिकच्या बाटल्या. त्या बाटल्या मी आधी आम्लात भिजवून, ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हापुन्हा धुऊन आणलेल्या असत. आमच्या कामात धूळ हा मोठा शत्रू. बोटाला लागलेली माती बाटलीत गेली तर मोजणी त्या मातीचीच व्हायची. त्यामुळे बसमध्ये कोणी पेटीवर पाय ठेवला की माझा जीव वरखाली व्हायचा. लोक समजायचे, बाई औषधं विकते. कोणी म्हणायचं, कुटुंबनियोजनाची आहे. एकदा बीबी गावच्या बाजारात एका बाईने पेटीकडे पाहून पोर पदराआड घेतलं होतं.

मुक्काम विश्रामगृहात असायचा. सोनाळ्याला भावाचं घर होतं, पण आई-वडील गेल्यावर त्या घरात मी पाहुणी झाले होते. वहिनी माझ्यासाठी वेगळं ताट-वाटी काढायची, नवं पांघरूण काढायची, आणि मी कधी निघणार हे फार आदराने विचारायची. शिकायला म्हणून लहानपणीच अमरावतीला गेले, मग नागपूर, मग मुंबई. चौतिशीला आले तरी लग्न झालेलं नव्हतं, आणि होईल असं आता कोणी म्हणतही नव्हतं. माझी बोलीही बदलली होती. गावात मी बोलू लागले की लोक सावरून बसत, आणि मुंबईत तोंडून चुकून 'मले' निघालं की माझ्या नोकरदार बायकांच्या हॉस्टेलच्या मुली हसत. म्हणून मी दोन्हीकडे कमी बोलायला शिकले.

मोताळ्याच्या बाहेर, मलकापूरच्या रस्त्याला लागून, एका माळ्याचा मळा होता. वांगी, मिरची, मेथी, कडेने लिंबाची झाडं. विहिरीवर इंजिन होतं. त्या विहिरीचं पाणी मी प्रत्येक खेपेला घ्यायचे. मळ्यातली म्हातारी मला ओळखू लागली होती. करारी बाई, अंगाने काटक, हातात कायम खुरपं.

"काऊन हे पानी नेऊन राह्यली, बाई?" तिने पहिल्याच खेपेला विचारलं होतं.

"मोजायला, मावशी. पाण्यात जमिनीतलं काय काय उतरतं ते पाहतो आम्ही."

"विष गिष?"

"नाही. म्हणजे, असलं तरी इतकं थोडं, की त्याने कोणाला काही होत नाही."

"मंग मोजता कायले?"

मी बाटलीचं झाकण घट्ट केलं. याचं उत्तर आजही मला एका वाक्यात येत नाही.

तिसऱ्या खेपेला गेले तेव्हा विहिरीजवळ तिची सून भेटली. आधीच्या खेपांना ती गरोदर होती, लांबून दिसायची. आता तिचं पोट उतरलं होतं. विशीतली, सावळी, डोळ्यांखाली काळं. ती लिंबाच्या आळ्याशी पाठमोरी बसली होती. मला वाटलं तिला बरं वाटत नाहीये, म्हणून मी पुढे गेले, तर ती एका पितळी वाटीत स्वतःचं दूध पिळत होती. मला पाहून तिने पदर ओढला आणि वाटीतलं दूध आळ्यात ओतून टाकलं.

"बाळ पीत नाही का?" मी विचारलं.

"पाजू देत नाई," ती म्हणाली.

मी बाटली भरायची विसरून तिथेच बसले. तिने खालमानेने जे सांगितलं ते असं. तिची आधीची दोन मुलं, दोघंही मुलगे, अंगावर पीत असतानाच गेली. एक दीड महिन्याचा, दुसरा तीन महिन्यांचा. दुसऱ्याच्या वेळी शेजारच्या कोणी तरी सांगितलं, हिच्या दुधातच दोष आहे. म्हणून या वेळी मुलगी झाली तेव्हा सासूने पारख केली. वाटीत दूध घेतलं आणि त्यात मुंगी सोडली.

"मुंगी मेली," सून म्हणाली. "तवापासून बकरीचं दूध पाजतेत, कापसाच्या वातीनं. मी रोज पिऊन टाकतो... पिळून टाकतो. आटू नये म्हनून." शब्द चुकला म्हणून ती कसनुशी हसली. मग माझ्या पेटीकडे पाहून म्हणाली, "ताई, तुमी पानी मोजता नं? माह्यं दूध मोजा."

मी तिला समजावू लागले. माझं यंत्र एकच गोष्ट पाहतं, जमिनीतला एक धातू. मुलं कशाने गेली ते त्या यंत्राला कळणार नाही. तापाने गेली असतील, हगवणीने गेली असतील. सरकारी दवाखान्यात दाखव. ती ऐकून घेत होती, पण तिची नजर पेटीवरून हलत नव्हती.

"दवाखान्यात नेलं व्हतं. डाक्टर म्हनला दूध चांगलं हाये, पाज. पन त्यानं मोजलं नाई. नुसतं म्हनला."

इतक्यात म्हातारी आली. काय चाललंय हे तिने एका नजरेत ओळखलं. ती चिडेल असं मला वाटलं होतं, पण ती बांधावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "हिनं सांगतलं असंल तुमाले. मी वैरी नाई तिची. दोन्ही लेकरं माह्या मांडीवर गेली."

"मावशी, मुंगी तर पाण्यातही बुडून मरते," मी म्हणाले.

"मरत असंल. तुमी बी बाटलीतच पाहून राह्यल्या नं?"

मी पेटी पुढे ओढली. म्हणाले, "बाटलीत पाहून मी काही सांगितलं, तर ऐकाल?"

म्हातारीने बराच वेळ खुरप्याने माती उकरली. "सांगा," ती म्हणाली. "मंग पाहू."

माझ्याकडे एक बाटली जास्तीची होती. ती मी सुनेला दिली, आतून हात लावू नको म्हणून बजावलं. ती घरात गेली आणि बाटली पदरात झाकून घेऊन आली. तिच्यातलं दूध कोमट होतं. परतीच्या गाडीत ते फाटणार हे मला ठाऊक होतं. त्याने बिघडत नव्हतं, आम्ही ते जाळून त्याची राखच करणार होतो. तरीही रात्रभर मी ती बाटली पेटीत न ठेवता मांडीवर घेऊन बसले.

मुंबईला पोचल्यावर मी साहेबांच्या खोलीत गेले. यादीत नसलेला नमुना यंत्रावर चढवायचा तर त्यांना विचारायलाच हवं होतं. मी सगळं सांगितलं. मुंगीचंही सांगितलं. ते ऐकत असताना खिडकीबाहेर पाहत होते.

"एक आकडा येईल," ते म्हणाले. "शून्य येणार नाही. कशातच शून्य येत नाही. मिठात नाही, पावसात नाही. मग त्या म्हातारीला काय सांगणार? सुनेच्या दुधात युरेनियम आहे?"

"सगळ्यांच्याच दुधात असतं असं सांगेन."

"तुम्हाला ठाऊक आहे?"

ठाऊक नव्हतं. आईचं दूध आम्ही कधी मोजलेलं नव्हतं. तुलनेला दुसरं दूध नसेल तर तो आकडा म्हणजे मेलेली मुंगीच होती. मी नाही म्हणून मान हलवली. साहेब म्हणाले, "बरं, जा," आणि समोरच्या कागदांत पाहू लागले. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. त्यांच्या हातात आमच्याच धुतलेल्या बाटल्यांपैकी एक होती. आदल्या संध्याकाळी ती ते घरी घेऊन गेले होते, हे मला आत्ता कळलं. "माझी मुलगी बाळंतपणाला आलेली आहे, बाळ दोन महिन्यांचं आहे," ते म्हणाले. "हे धरा." एवढं बोलून ते निघून गेले. त्यांना मुलगी आहे हेही मला तोवर माहीत नव्हतं.

दोन्ही दुधं मी शेजारीशेजारी सुकवली आणि प्रयोगशाळेतल्या छोट्या भट्टीत जाळली. राख आम्लात विरघळवली. एक तिसरी रिकामी बाटलीही तशीच चालवली, म्हणजे आमच्या आम्लातून, भांड्यांतून, हवेतून जे मिसळतं ते वजा करता येईल. मोजायची रीत सोपी आहे. पोत्यात ज्वारीचे दाणे किती ते मोजून होत नाहीत. मग मूठभर दाणे रंगवून, मोजून त्यात टाकायचे, पोतं चांगलं हलवायचं आणि एक ओंजळ काढायची. ओंजळीत रंगीत किती आणि साधे किती, त्यावरून पोत्याचा हिशेब लागतो. आमचे रंगीत दाणे म्हणजे युरेनियमचाच एक दुर्मीळ प्रकार, निसर्गात जवळजवळ न सापडणारा. तो मोजून मिसळायचा, मग सगळं शुद्ध करून एक थेंब उरवायचा. तो थेंब केसासारख्या बारीक धातूच्या पट्टीवर वाळवायचा आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये बसवायचा.

ते यंत्र एका खोलीएवढं होतं. आतली हवा पंपांनी ओढून काढायची, पट्टी लाल होईपर्यंत तापवायची. तिच्यावरून उडालेले कण मोठ्या चुंबकातून जाताना वळतात. हलका जास्त वळतो, जड कमी. पलीकडे कागदावर लेखणी एकेकाची टेकडी काढत जाते. त्या खोलीत पंपांची घरघर इतकी असायची की माणूस समोर असूनही बोलता येत नसे. मला ते बरंच वाटायचं. तिथे न बोलण्याचं कारण कोणाला सांगावं लागत नसे.

त्या दिवशी मात्र वाटलं, कोणी तरी जवळ असावं. मोताळ्याच्या दुधाची टेकडी कागदावर चढू लागली. रंगीत दाण्यांची उंच, तिच्या शेजारी दुसरी, बुटकी. इतकी बुटकी, की रिकाम्या बाटलीच्या टेकडीहून ती वेगळी आहे की नाही हे फूटपट्टी लावून पाहावं लागलं. होती, जरा वेगळी होती. साहेब म्हणाले होते तसंच, शून्य नव्हतं. मग दुसरी पट्टी चढवली, साहेबांच्या मुलीची. तिचीही टेकडी बुटकी. दोन्ही कागद मी उजेडात एकावर एक धरले. त्यांत फरक म्हणावा असा काही नव्हता.

साहेबांनी दोन्ही कागद पाहिले. "ठीक," ते म्हणाले. दारापर्यंत जाऊन परत आले आणि म्हणाले, "पुढची खेप कधी आहे तुमची?"

"महिन्याने."

"या आठवड्यात जा. विहिरीचं पाणी पुन्हा घ्यायचं आहे असं लिहा."

इतकं करूनही तीन आठवडे गेले होते. मलकापूरला बस लवकर मिळाली नाही, आणि स्टँडवर बसल्याबसल्या मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. ती अजून पिळत असेल का? की थकून सोडून दिलं असेल? तीन आठवड्यांत दूध आटतं की नाही, हे मला माहीत नव्हतं. विचारावं असं जवळचं कोणीही नव्हतं. माझी आई असती तर तिला विचारलं असतं.

मळ्यात पोचले तेव्हा म्हातारी मेथीच्या जुड्या बांधत होती. सून ओसरीत होती, मांडीवर मुलगी. मुलगी फार बारीक झाली होती, तिची मान धरावी लागत होती. बकरीचं दूध तिला सोसत नव्हतं, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. मी टेकले. कोणी पाणीही विचारलं नाही.

"निंगालं का काई?" म्हातारीने विचारलं.

बसमध्ये मी मनाशी ठरवलं होतं की नुसतं 'दूध चांगलं आहे' म्हणायचं. पण डॉक्टरही तेच म्हणाला होता. म्हणून मी जे होतं ते सांगितलं.

"निघालं. जमिनीतला तो धातू तिच्या दुधात आहे. अगदी थोडा."

सुनेने डोळे मिटून घेतले. म्हातारीचे हात थांबले.

"पण मी दुसऱ्या एका बाईचं दूध पण मोजलं, मावशी. मुंबईतली बाई. माझ्या साहेबांची मुलगी. तिच्या दुधात पण तेवढाच आहे. तुमच्या विहिरीत आहे, तुम्ही खाता त्या मेथीत असेल. तुमच्या हाडांत, माझ्या हाडांत, सगळ्यांच्या. हिच्यात काही वेगळं नाही."

म्हातारीने मला नीट पाहून घेतलं. मग तिने एकच प्रश्न विचारला. तो माझ्या डोक्यात आलेलाच नव्हता, तरी त्याचं उत्तर योगायोगाने माझ्याकडे होतं, कारण निघायच्या आदल्या दिवशी साहेबांनी पहिल्यांदाच मला घरी चहाला बोलावलं होतं.

"त्या मुंबईवालीचं लेकरू कसं हाये?"

"गुटगुटीत आहे. माझ्या मांडीवर ठरत नव्हतं, इतकं वळवळतं."

"तिचंच दूध पितं?"

"तिचंच."

म्हातारीने हातातली जुडी खाली ठेवली. पदराने हात पुसले, ओसरीत गेली आणि सुनेसमोर उकिडवी बसली. "दूध हाये का अजून?" तिने हळू आवाजात विचारलं.

"हाव," सून म्हणाली. "थोडं हाये."

"मंग पाज."

सुनेने पाठ फिरवली. मुलीला आधी ओढताच येईना. ती तोंड वळवायची, रडायची. म्हातारीनेच तिचं डोकं धरलं, गालावर बोट फिरवलं, काही तरी पुटपुटत राहिली. पुष्कळ वेळ गेला. मग रडणं थांबलं. ओसरीत नुसता मुलीच्या गिळण्याचा आवाज येऊ लागला, आणि सुनेचे खांदे हलू लागले. म्हातारीने तिच्या पाठीवर हात ठेवला. तो तिने काढला नाही.

मी अंगणात उभी होते. आता तिथे माझं काही काम नव्हतं. विहिरीचं पाणी घेतलं, बाटलीवर चिठ्ठी लावली. निघताना म्हातारीने हाक मारून थांबवलं आणि मेथीची जुडी हातात दिली.

"तुमाले लेकरं कितीक, बाई?"

"लग्न झालं नाही माझं."

"नाई?" ती म्हणाली. तिला वाईट वाटलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "मंग घरी कोन असते?"

"कोणी नाही. हॉस्टेलात राहते."

एक लिंबू तोडून तिने जुडीवर ठेवलं. विश्रामगृहात त्या रात्री खानसामा नव्हता. मी स्टोव्हवर मेथी परतली आणि डब्यातल्या शिळ्या पोळीबरोबर खाल्ली. भाजी पुष्कळ उरली.

त्या मुलीचं पुढे नीट झालं. पुढच्या खेपेला सुनेने सांगितलं, दूध पूर्ण आलं नाही, पण अर्धं आलं. बाकी अर्धं बकरीचं, आता उकळून. मुलीची मान सावरली होती. ती माझ्याकडे पाहून हसली नाही, रडलीही नाही. ती माझी शेवटची खेप होती. जिल्ह्याचं काम संपलं. अहवालात बुलढाण्याला एक परिच्छेद मिळाला: या भागातील पाणी व माती यांत उल्लेखनीय काही आढळले नाही. तो मीच लिहिला होता, आणि तो खरा होता. दुधाचे दोन नमुने त्यात नव्हते. साहेबांनी त्याबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही. पुन्हा घरीही बोलावलं नाही. त्यांची मुलगी सासरी गेली आणि ते पूर्वीसारखे गप्प झाले.

काही वर्षांनी वहिनीच्या माहेरच्या लग्नाला गेले होते. परतताना मोताळ्याला बस बदलायची होती. आठवडी बाजाराचा दिवस होता. पालाखाली ती म्हातारी वांगी घेऊन बसली होती. आणखी वाळली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. शेजारी एक फ्रॉकमधली मुलगी वांग्यांचे ढीग सारखे करत होती.

"कशी दिली, मावशी?"

तिने भाव सांगितला. मला ओळखलं नाही. हॉस्टेलात स्वयंपाकाची सोय नव्हती, तरी मी किलोभर वांगी घेतली. तराजू मुलीने धरला. पारडं माझ्या बाजूला झुकलेलं असूनही तिने वर आणखी एक वांगं टाकलं, आणि म्हातारी तिच्यावर ओरडली, "फुकट वाटून राह्यली का बे?" मुलगी हसत सुटली.

मी कोण ते सांगावं असं एकदा मनात आलं. पण मागे गिऱ्हाईक उभं होतं, आणि मलकापूरची बस लागल्याचा पुकारा झाला. मी पिशवी उचलली आणि स्टँडकडे चालू लागले.